कन्सोलवर सिनेमा कधी लख्ख, कधी धूसर: दोष नेमका कुठे आहे हे कसं शोधायचं

गेम व्यवस्थित चालतात, डाउनलोडही होतात. पण त्याच कन्सोलवर सिनेमा लावला की दहा मिनिटं चित्र लख्ख आणि मग एकदम चेहऱ्यांचे चौकोन. जरा वेळाने काही न करता पुन्हा ठीक. व्हिडिओ कायमचा बंद पडला असता तर दोष शोधणं सोपं गेलं असतं. असं येऊन-जाऊन असणारं दुखणं जास्त डोकं खातं, कारण तपासायला बसावं तेव्हा सगळं सुरळीत असतं.

अशा वेळी बहुतेक जण राउटर बंद-चालू करतात, स्पीड टेस्ट लावतात आणि आकडा चांगला आला की ॲपला नावं ठेवून मोकळे होतात. मात्र या दुखण्यात स्पीड टेस्टचा आकडा फारसा कामाचा नाही.

व्हिडिओ सेवा प्रत्येक सिनेमाचे काही सेकंदांचे तुकडे करून ठेवतात आणि प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या दर्जांत तयार असतो: अगदी हलका, मध्यम, एचडी, ४के. पुढचा तुकडा कुठल्या दर्जाचा मागवायचा हे ॲप दर वेळी नव्याने ठरवतं. ठरवताना ते दोन गोष्टी पाहतं: मागचे तुकडे किती वेगाने आले, आणि पुढच्या किती सेकंदांचा व्हिडिओ आधीच साठलेला आहे. हा साठा म्हणजे बफर. गच्चीवरची टाकी आणि तिच्यात पडणारी धार असा हा हिशेब आहे. धार मध्येच तुटली तरी टाकी भरलेली असेल तोवर खाली कुणाला कळत नाही. टाकी तळाला जायला लागली की ॲप हलका तुकडा मागवतं आणि चित्र धूसर होतं. म्हणजे धूसर चित्र हा बिघाड नसून व्हिडिओ थांबू नये म्हणून ॲपने घेतलेला निर्णय आहे. तो निर्णय घ्यायची वेळ का आली, एवढंच आपल्याला शोधायचं आहे.

नेटफ्लिक्स ७२०पी साठी ३, १०८०पी साठी ५ आणि ४के साठी १५ एमबीपीएस वेग सुचवतं. यूट्यूब ४के साठी २० सांगतं. म्हणजे १० एमबीपीएसची साधी पण अखंड लाइन एचडी सिनेमाला पुरून उरते, आणि १०० एमबीपीएसची मधूनमधून अडखळणारी लाइन पुरेलच असं नाही. स्पीड टेस्ट जेमतेम काही सेकंद चालते आणि तेवढ्यात लाइनमधून जास्तीत जास्त किती ओढता येतं ते सांगते. सिनेमा दोन तास चालतो. त्या दोन तासांत लाइन किती वेळा अडखळली हे ती चाचणी सांगत नाही.

आधी दुखणं ओळखा

चित्र बिघडलं म्हणजे नेट बिघडलं, असं लगेच धरू नका. चित्र धूसर होऊन पुन्हा स्पष्ट होत असेल किंवा गोल चक्र फिरत असेल, तर दोष नेटवर्कच्या वाटेवर कुठेतरी आहे. स्क्रीन सेकंदभर पूर्ण काळी होऊन परत येत असेल तर संशय एचडीएमआय केबलवर घ्या. नेटवर्कमुळे सहसा स्क्रीन अशी काळी होत नाही. केबल बदलून पाहा. पीएस५ (प्लेस्टेशन ५) असेल तर व्हिडिओ आउटपुटमध्ये '४के व्हिडिओ ट्रान्सफर रेट' नावाचा पर्याय आहे, तो कमी करून पाहा.

चित्र स्पष्ट आहे, पण कॅमेरा आडवा फिरताना हिसके बसतात, हा प्रकार वेगळा. बहुतेक सिनेमे सेकंदाला २४ चित्रांचे असतात आणि कन्सोल टीव्हीला ६० पाठवतो. त्यामुळे एक चित्र दोनदा दिसतं, तर पुढचं तीनदा. एक्सबॉक्सवर व्हिडिओ मोड्समध्ये २४ हर्ट्झला परवानगी देण्याची खूण आहे. टीव्हीला जमत असेल तर ती चालू केल्यावर फरक पडतो.

चित्र कायम एकाच बेताच्या दर्जाचं असेल तर त्याला चढ-उतार म्हणताच येणार नाही. तुमचा प्लॅन ४के चा आहे का, खात्यात डेटा वाचवण्याचा पर्याय चालू आहे का, कन्सोल कुठला आहे, हे पाहा. साधा पीएस४ कितीही चांगल्या लाइनवर ४के दाखवत नाही. टीव्हीच्या ज्या एचडीएमआय पोर्टला कन्सोल जोडला आहे तो एचडीसीपी २.२ (चित्राची नक्कल रोखणारी व्यवस्था) चालवत नसेल, तरीही नेटफ्लिक्ससारख्या सेवा ४के देत नाहीत. काही टीव्हींत सगळे पोर्ट सारखे नसतात, त्यामुळे केबल शेजारच्या पोर्टला लावून पाहणं फुकटचं आहे.

व्हिडिओ सुरू होतानाचे पहिले काही सेकंद मऊ दिसणं मात्र स्वाभाविक आहे. टाकी रिकामी असते. त्यावर वेळ घालवू नका.

बफरकडे डोळ्यांनी पाहा

यूट्यूबच्या कन्सोल ॲपमध्ये व्हिडिओ चालू असताना सेटिंग्जच्या चाकात 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' हा पर्याय मिळतो. तो लावला की स्क्रीनच्या कोपऱ्यात काळी चौकट येते. त्यातल्या दोनच ओळींकडे लक्ष द्या: 'बफर हेल्थ' (किती सेकंदांचा साठा आहे) आणि गाळलेल्या फ्रेम्सचा, म्हणजे दाखवायच्या राहून गेलेल्या चित्रांचा आकडा.

एखादा लांब व्हिडिओ लावा, दर्जा 'ऑटो'वरून काढून १०८०पी वर पक्का करा आणि दहा-पंधरा मिनिटं चौकट बघत बसा. कंटाळवाणं काम आहे खरं, पण अर्ध्याहून अधिक निदान इथेच होतं. बफर हेल्थ थोडी खाली जाऊन परत वर येत राहिली तर सगळं ठीक आहे, तुकडे येताना असंच होतं. ती हळूहळू पण सतत उतरत गेली तर वेगच कमी पडतो आहे. ती चांगली भरलेली असताना एकाएकी कोसळत जाऊन शून्याजवळ पोहोचली आणि मग झपाट्याने परत भरली, तर वेग पुरेसा आहे पण मध्येच धार तुटते आहे. कन्सोलवरच्या तक्रारींत हा तिसरा प्रकारच नेहमी भेटतो. आणि बफर भरलेलं असूनही गाळलेल्या फ्रेम्स वाढत असतील तर नेटचा काही दोष नाही. कन्सोल किंवा ॲप अडकतं आहे.

यासोबत दोन पडताळण्या करून घ्या. कन्सोल बंद ठेवून, अगदी त्याच जागी फोन धरून त्याच वाय-फायवर तोच व्हिडिओ पाहा. फोनवरही तसंच होत असेल तर कन्सोल सुटला. दुसरी म्हणजे कन्सोलवर वेगळ्या सेवेचं ॲप लावून पाहा. एकाच सेवेत त्रास असेल तर त्या ॲपपुरतं बघा, राउटरची सेटिंग्ज उलटीपालटी करू नका.

आणि वेळा लिहून ठेवा. कधी बिघडलं, कुठलं ॲप होतं, घरात आणखी काय चालू होतं. फक्त संध्याकाळी होतं? मायक्रोवेव्ह चालू असताना होतं? गेम बंद करून सिनेमा लावला की लगेच होतं? या तीन प्रश्नांची उत्तरं तीन वेगळ्या दिशांना नेतात.

कन्सोलच चोरून डाउनलोड करतो आहे का

टीव्हीला जोडायच्या साध्या स्ट्रीमिंग डबीत आणि कन्सोलमध्ये इथे मोठा फरक आहे. कन्सोल एकीकडे सिनेमा दाखवतो आणि त्याच वेळी मागे पन्नास-साठ जीबीचं गेमचं अपडेट ओढत असू शकतो.

त्यात एक गंमत आहे. गेम चालू असताना एक्सबॉक्स डाउनलोडचा वेग मुद्दाम दाबून ठेवतो, म्हणजे खेळात व्यत्यय येत नाही. तुम्ही गेम बंद करून सिनेमा लावता आणि तो दाब निघतो. रांगेत थांबलेलं अपडेट सगळी लाइन गिळायला लागतं आणि नेमकं तेव्हाच ॲपला सिनेमासाठी तुकडे हवे असतात. 'गेम तर इतके छान चालत होते' या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं. शिवाय ऑनलाइन गेमला मुळात डेटा फार कमी लागतो, त्याला प्रतिसाद जलद हवा असतो. त्यामुळे गेम छान चालणं हा लाइन सिनेमाला पुरेशी असल्याचा पुरावा नव्हेच.

पीएस५ वर कंट्रोल सेंटरमधल्या डाउनलोड्सच्या चिन्हात, तर एक्सबॉक्सवर 'माय गेम्स अँड ॲप्स'मधल्या रांगेत काय चालू आहे ते दिसतं. सिनेमा लावण्याआधी डाउनलोड थांबवा. कायमचा उपाय म्हणजे स्वयंचलित अपडेट्स कन्सोल झोपेत असताना होऊ देणं: पीएस५ वर रेस्ट मोडमध्ये इंटरनेट जोडलेलं राहू द्या, एक्सबॉक्सवर पॉवर सेटिंग्जमध्ये स्लीप मोड निवडा. रात्रीत अपडेट उरकलं की संध्याकाळी ते आडवं येत नाही. घरात दुसरा कन्सोल किंवा गेमिंग पीसी असेल तर त्याचीही रांग बघा.

केबल लावून पाहा

आता सगळ्यात निर्णायक चाचणी. राउटरपासून कन्सोलपर्यंत लॅन केबल ओढा. घरभर जमिनीवरून लोळत गेली तरी चालेल, एका संध्याकाळचाच प्रश्न आहे. पीएस४, पीएस५ आणि एक्सबॉक्सच्या मागे लॅन पोर्ट असतोच. केबल कॅट ५ई किंवा त्यापुढची घ्या. कन्सोल १००० ऐवजी १०० एमबीपीएसवर जोडला गेलेला दिसला तरी सिनेमाची चिंता नको, ४के ला तेवढंही कितीतरी जास्त आहे. फक्त केबलची एखादी तार किंवा क्लिप खराब असल्याची ती खूण असू शकते.

केबलवर दोन-तीन तास चित्र जराही ढळलं नाही, तर दोष वाय-फायचा. केबलवरही तेच झालं, तर वाय-फायवरचा सगळा भाग सोडून थेट 'राउटर आणि बाहेरची लाइन' वर जा. ही चाचणी टाळून वाय-फायचे चॅनेल बदलत बसणारे लोक आठवडे घालवतात.

केबलने त्रास थांबला आणि ती कायमची ठेवता आली तर यापुढचं वाचायचीही गरज नाही.

वाय-फाय

कन्सोल वाय-फायच्या कुठल्या बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) आहे ते आधी पाहा. २०१३ चा मूळ पीएस४ फक्त २.४ गिगाहर्ट्झ पकडतो. ५ गिगाहर्ट्झची सोय २०१६ च्या स्लिम आणि प्रो मॉडेलपासून आली. पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स, सिरीज एस दोन्ही बँड पकडतात. पण राउटरने दोन्ही बँडांना एकच नाव दिलं असेल तर कन्सोल गुपचूप २.४ वर जाऊन बसू शकतो. राउटरच्या सेटिंग्जमध्ये दोन्हींची नावं वेगळी करा आणि कन्सोल ५ वाल्या नावाला जोडा. राउटर दोन-तीन जाड भिंतींपलीकडे असेल तर मात्र उलट होतं, कारण ५ गिगाहर्ट्झ भिंतींत लवकर विरतो. तिथे २.४ जास्त टिकेल.

२.४ वरच राहायचं असेल तर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी एक निवडा. हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. शेजारच्यांचे राउटर कुठल्या चॅनेलवर आहेत हे फोनवरच्या वाय-फाय ॲनालायझर ॲपमध्ये दिसतं. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. मायक्रोवेव्ह याच पट्ट्यात काम करतो, त्यामुळे कुणी जेवण गरम करायला घेतलं की चित्र बिघडतं. ब्लूटूथही इथेच असतं.

आणखी एक गुन्हेगार सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: यूएसबी ३.० ची बाहेरची हार्ड डिस्क. अशा डिस्क आणि त्यांच्या केबल २.४ च्या आसपास गोंगाट करतात. इंटेलने २०१२ मध्ये यावर तांत्रिक टिपणच काढलं होतं. गेम साठवायची डिस्क कन्सोलला चिकटून, त्याच्या मागे किंवा डोक्यावर ठेवलेली असते आणि कन्सोलचा अँटेना आतच असतो. डिस्क काढून तासभर सिनेमा पाहा. फरक जाणवला तर लांब आणि चांगलं शील्डिंग असलेली केबल घेऊन डिस्क दूर ठेवा.

५ गिगाहर्ट्झवर वेगळीच भानगड असते. ५२ ते १४४ क्रमांकाचे चॅनेल रडारबरोबर वाटून घेतलेले आहेत. राउटरला रडारची चाहूल लागली की तो चॅनेल सोडणं बंधनकारक असतं, आणि तशाच दुसऱ्या चॅनेलवर जाण्याआधी त्याला किमान मिनिटभर नुसतं ऐकावं लागतं. तेवढा वेळ वाय-फाय नाहीसं. विमानतळ, बंदर किंवा हवामान केंद्राजवळ राहणाऱ्यांना हे जास्त भोवतं. बफर चांगलं भरलेलं असताना अधूनमधून एकदम कोसळत असेल तर 'ऑटो' काढून चॅनेल ३६ ते ४८ मधला एखादा पक्का करा. करायला दोन मिनिटं लागतात आणि फटका बसत असेल तर लगेच थांबतो.

जागेबद्दल फार लिहायला नको. कन्सोल बंद लाकडी कपाटात, टीव्हीच्या मागे किंवा धातूच्या रॅकमध्ये कोंबलेला असेल तर बाहेर काढा. त्याने उष्णताही कमी होईल. पीएस५ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क, कनेक्शन स्टेटस या वाटेने सिग्नलची ताकद टक्क्यांत दिसते. कन्सोल हातभर सरकवून तो आकडा पुन्हा पाहा. रिपीटर वापरत असाल तर लक्षात घ्या, साधा रिपीटर त्याच चॅनेलवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. मेश (एकच वाय-फाय घरभर पुरवणारे अनेक डबे) असेल तर जवळच्या डब्यातून कन्सोलला छोटी लॅन केबल द्या.

राउटर आणि बाहेरची लाइन

केबल लावूनही चित्र ढळतं, तर घरातलं अपलोड पाहा. डाउनलोडला अपलोडचा काय संबंध, असं वाटेल. पण येणाऱ्या डेटाची पोच कन्सोलला सतत उलट पाठवावी लागते. कुणाचा तरी फोन हजार फोटो क्लाउडवर चढवत असेल किंवा घरचा सुरक्षा कॅमेरा सतत चित्रण पाठवत असेल, तर राउटरमध्ये बाहेर जाणाऱ्या डेटाची रांग लागते आणि त्या रांगेत ही छोटीशी पोच अडकते. पोच उशिरा गेली की समोरचा सर्व्हर वेग कमी करतो. पडताळायला सोपं आहे: फोनवरून एखादा मोठा व्हिडिओ अपलोडला लावा आणि यूट्यूबच्या त्या काळ्या चौकटीत बफर पाहा. ते उतरायला लागलं तर रोग सापडला.

यावर उपाय राउटरमध्ये असतो. क्यूओएस किंवा स्मार्ट क्यू (डेटाची रांग नीट लावणारी सोय) असं काही असेल तर चालू करा आणि वेगाची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या साधारण ८५ ते ९० टक्के टाका. थोडा वेग जातो, पण रांग राउटरच्या ताब्यात राहते. राउटर जुना आणि कमजोर असेल तर क्यूओएसनेच तो दमतो. मग फोनचे बॅकअप रात्रीवर ढकलणं बरं.

फक्त संध्याकाळीच त्रास होत असेल आणि घरात वेगळं काहीच चालू नसेल, तर गर्दी बाहेर आहे. इथे एक छान युक्ती आहे. फास्ट डॉट कॉम ही चाचणी नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरून वेग मोजते. संध्याकाळी त्रास सुरू असताना ती आणि दुसरी कुठलीही सर्वसाधारण स्पीड टेस्ट, दोन्ही एकामागून एक करा. दोन्ही पडल्या तर तुमची लाइनच गर्दीत आहे. सर्वसाधारण चाचणी छान आणि फास्ट डॉट कॉम पडलेली, तर इंटरनेट कंपनी आणि त्या सेवेमधली वाट तुंबली आहे. ते घरातून दुरुस्त होत नाही.

डीएनएस बदलण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. डीएनएस फक्त पत्ता शोधून देतं, ते लाइनचा वेग वाढवत नाही. काही सेवांमध्ये त्यामुळे दूरचा किंवा जवळचा सर्व्हर मिळतो, म्हणून एकदा बदलून पाहायला हरकत नाही. फरक नसेल तर परत 'ऑटो'वर ठेवा.

कन्सोलची साफसफाई

ही कामं लोक सगळ्यात आधी करतात, आणि वर लिहिलेलं काहीच लागू पडलं नाही तरच यांना अर्थ आहे. कन्सोल रेस्ट मोडमध्ये न टाकता पूर्ण बंद करा. एक्सबॉक्सचं बटण १० सेकंद दाबून धरा. ॲप काढून पुन्हा टाका, पासवर्ड हाताशी ठेवा. पीएस५ वर सेफ मोडमधून कॅश पुसता येते. एक्सबॉक्सवर 'पर्सिस्टंट स्टोरेज' पुसा असं सांगणारे खूप भेटतील. ती जागा ब्लू-रे डिस्कसाठी असते, स्ट्रीमिंगशी तिचा संबंध नाही.

लाइन सुधारेपर्यंत

दोष बाहेरच्या लाइनमध्ये निघाला तर दुरुस्तीला वेळ लागतो. तोवर कन्सोलचं व्हिडिओ आउटपुट ४के वरून १०८०पी वर आणा. टीव्हीला ४के पाठवायचंच नाही म्हटल्यावर ॲपही सहसा ४के चे जड तुकडे मागवत नाही, आणि १५ ऐवजी ५ एमबीपीएसवर भागतं. चार हात लांब बसून पाहताना एकसारखं एचडी हे सतत वर-खाली होणाऱ्या ४के पेक्षा डोळ्यांना पुष्कळ बरं. गेम खेळताना सेटिंग परत फिरवायला विसरू नका.

इंटरनेट कंपनीला फोन करताना 'नेट स्लो आहे' म्हटलंत तर राउटर बंद-चालू करायला सांगून फोन ठेवतील. त्याऐवजी तारखा आणि वेळा सांगा, कन्सोल केबलने जोडलेला होता हे सांगा, त्या वेळचे दोन्ही चाचण्यांचे आकडे द्या. एक्सबॉक्सच्या नेटवर्क सेटिंग्जमधल्या चाचणीत पॅकेट लॉस, म्हणजे वाटेत हरवलेला डेटा, टक्क्यांत दिसतो. केबलवर असताना तो शून्यापेक्षा जास्त येत असेल तर त्या स्क्रीनचा फोटो काढून तक्रारीला जोडा आणि लाइन तपासायला माणूस पाठवा असं स्पष्ट सांगा.